तीस दिवस कवापासनं?

बुधवार, ६ सप्टेंबर १९७२

आज मला नगरपालिकेच्या दिवाबत्ती समितीचा सभापती केलं. बिनविरोध. म्हणजे दुसऱ्या कुणाला नको होती. नगराध्यक्ष काकासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, तुम्ही चौतीस वर्षं पोस्टात काढली. शिक्क्यावरची एक तारीख कधी चुकली नाही तुमची. लायटीचं खातं अशाच माणसाच्या हातात पायजे." ऐकून बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून पोस्टाचं नाव काढून माझं कौतुक कुणी केलं नव्हतं.

घरी पुष्पावतीला सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे करायचं काय?" मी म्हणालो, रस्त्यावरचे दिवे लागतात की नाही ते बघायचं. "मग आधी आपल्या बोळातला बघा. तो दोन महिने बंद आहे." सभापतीची बायको झाल्याचा तिला काही आनंद दिसला नाही.

शनिवार, ९ सप्टेंबर

दिवेलागणीला वही घेऊन गावभर फिरलो. एकशे त्रेचाळीस खांब. त्यांतले अडतीस दिवे बंद. काकासाहेबांच्या तेलाच्या मिलपुढचे चारही सुरू. आमच्या बोळातला बंदच.

गुरुवार, १४ सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीत काकासाहेबांनी बोलावून घेतलं आणि एक पत्र हातात ठेवलं. मुंबईहून, सचिवालयातून आलेलं. आपल्या गावाला वीज देणाऱ्या कंपनीला दर वाढवायचे आहेत. त्यावर नगरपालिकेला काही म्हणायचं असेल तर तीस दिवसांत ठराव करून कळवावं, नाही कळवलं तर काही म्हणायचं नाही असं धरलं जाईल.

मी पत्र दोनदा वाचलं आणि घाबरलो. मला वाटलं होतं बल्ब मोजायचे आहेत. विजेचा दर ठरवण्यात नगरपालिकेचाही हात असतो हे मला ठाऊकच नव्हतं. काकासाहेब म्हणाले, "मलाबी आत्ताच कळतंय. बघा तुम्ही सावकाशीनं. घाई नाही."

पत्र ४ सप्टेंबरचं. लिफाफा काही बघायला मिळाला नाही, पण आवक रजिस्टरात १३ ला चढलं आहे. मुंबईहून इथवर यायला नऊ दिवस! माझ्या वेळी तिसऱ्या दिवशी मिळायचं. पोस्टाचं आता काही खरं राहिलं नाही.

तेव्हा १३ पासून तीस दिवस, म्हणजे १३ ऑक्टोबर. पुष्कळ वेळ आहे.

सोबत नव्या दरांचा तक्ता आहे. घरगुती दिव्यांना फारसा फरक नाही. कारखाने आणि गिरण्यांना पहिल्या पाचशे युनिटांना बावीस पैसे, त्यापुढे मात्र उलट चौदाच. जास्त जाळेल त्याला स्वस्त, हे काही कळलं नाही. आपल्या गावात एवढी वीज जाळतं तरी कोण? आणि एक नवीन कलम: मोटरीच्या दर हॉर्सपॉवरला महिना सहा रुपये किमान आकार, मोटर चालो न चालो.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

वेशीजवळ राहीबाईची पिठाची गिरणी आहे. नवरा सहादेव गेल्यापासून आठ वर्षं ती एकटीच चालवते. पट्टा तीच चढवते, बोथटलेल्या दगडाला टाकी तीच लावते. पूर्वी डिझेलचं इंजिन होतं. लाइट आली तेव्हा मोडीत काढून दहा हॉर्सपॉवरची मोटर बसवली. आमचं दळण कायम तिच्याकडेच.

आज डबा घेऊन मीच गेलो आणि तक्ता वाचून दाखवला. तिने पट्टा उतरवला, मोटर बंद केली, हात पुसले.

"दहा हार्सपावर. म्हंजी साठ रुपय. गिरनी बंद ठिवली तरी?"

"तरीही."

"मास्तर, औंदा दळान हाय कुटं? मानसं दुस्काळी कामावर खडी फोडाय गेली. येतंय ते रेशनचं मिलो, त्यो परदेशी जुंधळा, त्येबी पायली पायली. साठ रुपय दगडातनं काढू व्हय म्या?" मग म्हणाली, "ह्ये झालं तर म्या गिरनी न्हाई चालवू शकत. दुसरं मला काय येत न्हाई."

मी म्हणालो, घाबरू नका, नगरपालिका हरकत घेणार, तीस दिवस आहेत.

"तीस दिस म्हंजी कवापासनं?"

मला हसू आलं. म्हणालो, राहीबाई, पत्र पोचल्यापासून. पोस्टात न नेलेलं पत्र सात दिवस ठेवतात, तेही आमच्याकडे आल्या दिवसापासून. वाटेत असलेल्या पत्राला मुदत लागत नाही.

ती म्हणाली, "मला काय कळतंय? माज्याकडं गिऱ्हाइकानं डबा ठिवला की तवापासनं त्येचा नंबर. म्या कवा का बगना."

गिरणीचं आणि सरकारचं एकच असतं का, म्हणून मी पुन्हा हसलो. घरी येऊन हे पुष्पावतीलाही सांगितलं. ती हसली नाही.

सोमवार, १८ सप्टेंबर

कंपनीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर सभ्य आहेत, चहा पाजला. म्हणाले, दर आम्ही ठरवत नाही, आम्ही फक्त सरकारला साठ दिवसांची नोटीस देतो. मग ठरवतं कोण? "कायदा." कायद्यात एवढा नफा घ्यायची मुभा आहे, तेवढा निघेल असा दर आम्ही मागतो. म्हणजे मागता तुम्हीच ना? "मागतो, पण ठरवत नाही." तासभर बसलो. बाहेर आल्यावर आपण नक्की काय विचारायला आलो होतो तेच आठवेना.

बुधवार, २० सप्टेंबर

सकाळच्या एस.टी.ने नगरला गेलो. कलेक्टर कचेरीत म्हणाले, वीज आमच्याकडे नाही, तुमची नगरपालिका आहे ना? मी म्हणालो, नगरपालिका म्हणजे मीच. त्यावर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पण उत्तर नाही.

तिथून वीज बोर्डाच्या ऑफिसात. एका तरुण इंजिनिअरने कागदावर चौकोन काढून समजावून सांगितलं. बोर्ड कंपनीला वीज घाऊक विकतं. कंपनी गावाला किरकोळ विकते. किरकोळ दर कंपनी मांडते, नोटीस सरकारला आणि बोर्डाला जाते. सरकारला वाटलं तर ते चौकशीला समिती नेमतं, आणि समिती दर खाली आणू शकते. मी विचारलं, सरकारला कधी वाटतं? तो म्हणाला, "गावाने वेळेत सांगितलं तर. बहुतेक गावं सांगतच नाहीत."

म्हणजे दर ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही, पण आम्ही गप्प बसलो तर ठरल्यासारखाच. हे समजायला मला केडगाव मागे टाकून एस.टी. गावाच्या फाट्यावर येईपर्यंत वेळ लागला. आणि समजल्यावर जास्तच गोंधळलो. एवढं महत्त्वाचं काम, आणि ते माझ्याकडे?

शनिवार, २३ सप्टेंबर

हरकतीचा मसुदा केला. तीन पानं. राहीबाईचं नाव घातलं नाही, पण "गावातील लहान गिरण्या बंद पडून गोरगरिबांची गैरसोय होईल" हे वाक्य तिच्याकडे बघूनच लिहिलं.

काकासाहेबांना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. "झकास झालंय. एक शब्द बदलू नका." नुसता मसुदा चालत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. त्यांनी लगेच कॅलेंडर बघून अठ्ठावीस तारीख सांगितली आणि मग स्वतःच थांबले. "पण पितृपंधरवडा लागला की हो. आपली नगरपालिका पंधरवड्यात नवा विषय घेत नाही. माझ्या वडिलांच्या वेळपासून तसंच आहे. आता तुम्ही सभापती, तुम्ही म्हणाल तसं."

खरं तर अठ्ठावीसलाच आमच्या नानांची तिथी. ब्राह्मण सांगून ठेवलेले. मी ते बोलून दाखवलं. काकासाहेब म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. वडिलांपेक्षा सभा मोठी नाही. घटस्थापना आठला आहे, नऊला घेऊ. चांगल्या दिवसांत चांगलं काम."

नऊ म्हणजे मुदतीच्या चार दिवस आधी. माणूस समजूतदार आहे. सभा पुढे ढकला, असं मला आपणहून सांगायला लाज वाटली असती.

मंगळवार, २६ सप्टेंबर

राहीबाई घरी आली होती. ओट्यावरच बसली, आत येईना. सभा पुढे गेल्याचं तिला कुठूनतरी कळलं होतं.

"मास्तर, पितरांच्या पायी सभा ऱ्हायली म्हनं?"

मी समजावून सांगितलं, की अशा दिवसांत नवं काम काढत नाहीत.

"माजा मालक गिरनीतच गेला. पट्टा चढवता चढवता. त्येला म्या दर साली जेवाय घालते ते गिरनीच्या पैशातनं. तुमी सभा घ्या, त्यो न्हाई रागवायचा. गिरनी गेली तर त्येला घालू काय?"

तिचं म्हणणं पटत होतं आणि नानांची तिथीही डोळ्यांपुढे होती. शेवटी म्हणालो, नऊ तारखेला नक्की, शब्द देतो. ती उठली. जाताना पुष्पावतीला म्हणाली, "वैनी, डबा उद्या धाडा. मिलोला किडं हायत, आदी चाळून द्या."

गुरुवार, २८ सप्टेंबर

नानांचं श्राद्ध नीट पार पडलं. काकासाहेब जेवायला आले, आग्रह न करता तीन वाट्या खीर घेतली. मिलच्या शेजारी शेड घालताहेत म्हणाले. दुष्काळात करडई कुठे येणार, म्हणून मिल निम्मा वेळ रिकामी, काहीतरी जोडधंदा बघायला हवा. मोठ्या माणसांनाही दुष्काळ सुटलेला नाही.

दुपारी झोप लागली नाही. सभा आज झाली असती तर, असं एकदा मनात आलं.

सोमवार, ९ ऑक्टोबर

सभा झाली. मी मसुदा वाचला. ठराव एकमताने मंजूर. काकासाहेबांनी सूचक म्हणून स्वतःचं नाव घालायला सांगितलं. एवढ्या मोठ्या मिलचा मालक राहीबाईसारखीच्या बाजूने उभा राहतो, हे या गावात पहिल्यांदाच बघितलं. हेडक्लार्क बन्सी टाइप करून देईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभा राहिलो. पोचपावतीसह रजिस्टर पोस्ट माझ्या हाताने केलं. शिक्का नीट उमटला की नाही तेही बघितलं. पोस्टातली पोरं हसत होती.

येताना गिरणीवर जाऊन राहीबाईला पावती दाखवली. तिने ती उलटसुलट करून बघितली आणि परत दिली.

शनिवार, १४ ऑक्टोबर

पोचपावती परत आली. सही आहे, शिक्का १२ तारखेचा. मुदतीच्या एक दिवस आधी! पुष्पावतीला म्हणालो, याला म्हणतात काम. आज शिरा कर.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

मुंबईहून उत्तर आलं. चार ओळी. "आपला ठराव विहित मुदतीनंतर प्राप्त झाला. सबब नगरपालिकेस काही म्हणावयाचे नाही असे समजून कंपनीच्या नोटिशीबाबत पुढील कार्यवाही करण्याचे कारण राहिलेले नाही." नवे दर एक नोव्हेंबरपासून.

काहीतरी चूक झाली आहे. त्यांचीच. बाराला पोचलं आणि मुदत तेराची. मी बन्सीकडे गेलो, तर तो म्हणाला, "मास्तर, आम्ही आपले क्लार्क." कंपनीत गेलो, मॅनेजर म्हणाले सरकारला विचारा. सरकारला विचारायचं तर नगरपालिकेने विचारायला हवं. नगरपालिकेने विचारायचं तर ठराव हवा. ठरावाला सभा हवी, आणि आता दिवाळी आली.

काकासाहेबांना भेटलो. त्यांनी पत्र वाचून मान हलवली. "सरकारी कारभार, मास्तर. तुम्ही केलं तेवढं कुणी केलं नसतं. जिवाला लावून घेऊ नका."

राहीबाईकडे जायचं धाडस झालं नाही. दळणाचा डबा दोन दिवस तसाच पडून आहे.

सोमवार, ३० ऑक्टोबर

आज गेलो. गिरणीला कुलूप. शेजारच्या न्हाव्याने सांगितलं, परवाच कनेक्शन तोडायचा अर्ज दिला, एक तारखेच्या आत, म्हणजे साठ रुपये चढायला नकोत. दगड आणि मोटर कुणीतरी बैलगाडीतून नेली.

डबा तसाच घरी घेऊन आलो. पुष्पावतीने भाकरी टाकली नाही, भात लावला.

दिवाळी पाडवा

काय लिहू कळत नाही. तरी लिहितो.

सकाळी काकासाहेबांच्या मिलशेजारच्या नव्या शेडमध्ये पिठाच्या गिरणीचं उद्घाटन झालं. ते शेड गिरणीचं होतं. एका माणसाला एवढा खटाटोप परवडतो कसा, असं कुणीतरी विचारलं, तर काकासाहेब म्हणाले, मिल आणि गिरणी एकाच मीटरवर घेतली, पाचशेच्या वर वीज स्वस्तच पडते. उद्घाटन दिवाबत्ती समितीच्या सभापतींच्या हस्ते, असं पत्रिकेवर छापलेलं होतं. मला आधी कुणी विचारलं नव्हतं, पण छापलं आहे म्हटल्यावर जावं लागलं.

हार घातला. भाषणात काकासाहेब म्हणाले, मास्तरांनी गावाच्या लायटीसाठी नगरच्या कचेऱ्या झिजवल्या. टाळ्या पडल्या. मग मला बटणापाशी नेलं. मोटर हिरव्या रंगाची, बाजूला टवका उडालेला. तो टवका मी आठ वर्षं बघतो आहे.

आणि दळण ओतायच्या चाडीपाशी, डोक्याला फडकं बांधून, राहीबाई उभी होती. रोजावर.

मी तिच्याकडे बघत राहिलो. लोक वाट बघत होते. ती म्हणाली, "दाबा मास्तर. मानसं खोळंबल्यात."

मी बटण दाबलं.

जेवणानंतर नवे पोस्टमास्तर पाडव्याला भेटायला आले. बोलता बोलता मी म्हणालो, हल्ली मुंबईचं टपाल नऊ नऊ दिवस घेतं. त्यांना राग आला. म्हणाले, साहेब, आजही तिसऱ्या दिवशी मिळतं, फार तर चौथ्या.

ते गेल्यावर ही वही काढली. १४ सप्टेंबरचं पान. माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, पत्र ४ सप्टेंबरचं. चार आणि तीस. चार ऑक्टोबर. नानांच्या तिथीनंतर सहा दिवस. अठ्ठावीसला सभा घेतली असती तर ठराव वेळेत पोचला असता. ज्या सरकारने पत्र धाडलं त्याने स्वतःच्या तारखेपासून मोजलं. मी माझ्या शिक्क्यापासून मोजलं. चौतीस वर्षं मला हेच येतं, पोचल्याची तारीख.

पण मग पत्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी मिळालं असेल तर १३ पर्यंत कुठे होतं? आवक रजिस्टर बन्सी लिहितो. बन्सीला विचारलं तर तो म्हणेल काकासाहेबांना विचारा. काकासाहेबांना कसं विचारणार? सकाळीच त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. आणि ठरावाला सूचक म्हणून तेच होते. त्यांना तारीख ठाऊक असती तर ते सूचक कशाला झाले असते? की ठाऊक होती म्हणूनच? मला विचार करवत नाही. एवढंच कळतं की त्यांनी काही केलं असेल-नसेल, तारीख माझ्यासमोर होती आणि ती मी बघितली नाही. मला फार लाज वाटते आहे.

खुंटीवरचा हार पुष्पावतीने काढून गाईला घातला.

भाऊबीज

सकाळी डबा घेऊन नव्या गिरणीवर गेलो. रांग होती. बारावा नंबर लागला. माझी पाळी आली तेव्हा मोटरीच्या आवाजात राहीबाईच्या जवळ जाऊन सगळं सांगितलं. चूक सरकारची नव्हती, माझी होती. मुदत पत्राच्या तारखेपासून होती. तुमची गिरणी माझ्या हिशेबाने गेली.

तिने चाडीत मिलो ओतलं. हाताने सारखं केलं.

"म्या इचारलं हुतं की. कवापासनं म्हनून."

"विचारलं होतं."

"तुमी हसला."

मी म्हणालो, "पुन्हा का नाही विचारलंत? ओट्यावर आलात तेव्हा?"

"हसलेल्या मानसाला दोनदा कसं इचारायचं, मास्तर? आमाला वाटलं, लिवनारं मानूस हाय, त्येला ठावं असंल."

पीठ पडायला लागलं. तिने डबा खाली धरला, कडेला सांडलेलं हाताने आत लोटलं, झाकण लावून माझ्याकडे दिलं आणि मागच्या बाईला म्हणाली, "हं, तेरावा नंबर कुनाचा?"